परदेशात टीटी खेळायला जायचंय? आधी हॉल, मग व्हिसा, तिकीट शेवटी

ऑफिस सुटल्यावर किट खांद्याला लावून जिमखान्याचा हॉल गाठणाऱ्या मुंबईकराच्या मनात कधी ना कधी येतंच: पंधरा दिवस रजा टाकावी, जर्मनीला नाहीतर चीनला जावं आणि नुसतं टेबल टेनिस खेळावं. हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी राज्याचं रँकिंग लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही आणि वयही आड येत नाही.

गडबड होते ती क्रमात. आधी स्वस्त तिकीट दिसतं, मग रजेचा अर्ज, मग व्हिसा, आणि हॉलचं "तिथे गेल्यावर बघू". मग जुलैअखेरीस जर्मनीत उतरल्यावर कळतं की क्लब खेळतो शाळेच्या जिममध्ये, आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यामुळे जिमला कुलूप आहे. म्हणून खालच्या पायऱ्या नेहमीच्या सहलीपेक्षा उलट्या लावल्या आहेत. हॉल आणि तारखा लेखी पक्क्या होईपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही.

१. नेमकं काय करायला जायचंय ते ठरवा

"खेळायला जातोय" याचे तीन वेगळे अर्थ होतात आणि प्रत्येकाची कागदपत्रं, खर्च आणि तयारी वेगळी असते.

शिबिर: पाच ते दहा दिवस, रोज दोन सत्रं, कोच आणि मल्टीबॉल (कोच टोपलीतून एकामागून एक बॉल देत राहतो तो सराव). राहणं-जेवण बहुतेक वेळा त्यातच. पहिल्यांदा जाणाऱ्याने हेच घ्यावं, कारण निमंत्रणाचा कागद, खोली आणि जोडीदार एकाच ठिकाणाहून मिळतात.

क्लबात पाहुणा: तुम्ही कामाला किंवा नातेवाइकांकडे गेलेले असता आणि संध्याकाळी एखाद्या क्लबात खेळता. सगळ्यात स्वस्त, पण आठवड्यात दोन-तीन संध्याकाळीच खेळ होतो. केवळ यासाठी विमानभाडं घालू नका.

खुली स्पर्धा: चाळिशीपुढच्यांसाठी जागतिक मास्टर्स हे मोठं आकर्षण. १९८२ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला ही स्पर्धा 'व्हेटरन्स' नावाने सुरू झाली. २०२३ ची मस्कतला आणि २०२४ ची रोमला झाली. निवड चाचणी नसते. वयात बसता आणि प्रवेश शुल्क भरता म्हणजे खेळता. त्याबद्दल पुढे.

शिबिर आणि स्पर्धा एकाच फेरीत बसवायची असेल तर शिबिर आधी, आणि मध्ये दोन दिवस हात मोकळा ठेवा. शिबिराच्या शेवटच्या दिवशी खांदा भरलेला असतो आणि नवीन शिकलेला फटका अर्धवट बसलेला असतो. त्या अवस्थेत सामना खेळलात तर नवा फटकाही लागत नाही आणि जुनाही.

२. देश निवडताना हॉलचं कॅलेंडर बघा

जर्मनी: क्लबांचं जाळं दाट, इंग्रजीवर भागतं, आणि हौशी खेळाडूला तिथे कुणी कमी लेखत नाही, गावागावात पाच-सहा स्तरांचे संघ असतात. ड्युसेलडॉर्फला बोरुसिया क्लबचं मोठं केंद्र आहे. आपले शरत कमल याच क्लबकडून बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची अव्वल लीग, खेळले. साध्या क्लबात सराव संध्याकाळी सात-साडेसातला सुरू होतो आणि दहापर्यंत चालतो. पाहुण्याला एखाद-दोन वेळा बहुतेक ठिकाणी फुकट खेळू देतात, मात्र आधी मेल करून. लीगचा हंगाम सप्टेंबर ते एप्रिल. शाळांच्या सुट्ट्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या: बव्हेरियात ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर, इतरत्र बऱ्याचदा जूनअखेरीपासून. तुमच्या शहराच्या राज्याच्या तारखा बघा, 'जर्मनीच्या' नव्हे. उन्हाळ्यात शिबिरं मात्र भरपूर असतात, कारण ती शाळेच्या जिमवर अवलंबून नसतात.

चीन: खेळाचा दर्जा आणि मल्टीबॉलचं प्रमाण दुसरीकडे नाही. हेबेई प्रांतातलं झेंगडिंगचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आणि शांघायच्या क्रीडा विद्यापीठाचं टेबल टेनिस कॉलेज ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण हौशी माणसाची सोय बऱ्याचदा लहान खासगी ॲकॅडमीत जास्त चांगली होते. अडचणी तीन: भाषा, पैसे, इंटरनेट. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या नेटवर चालत नाही. भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतं, कारण तो डेटा भारतातल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो. वीचॅट आणि अलीपे मुंबईतूनच सुरू करून कार्ड जोडून ठेवा. चिनी नववर्षाचे दिवस आणि १ ते ७ ऑक्टोबर टाळा. कोच गावी जातात.

जपान: क्लबापेक्षा पालिकेच्या व्यायामशाळा आणि तासावर टेबल देणारे खासगी हॉल जास्त सोयीचे. सरकारी हॉलमध्ये ठरलेल्या वेळी टेबलं सर्वांसाठी खुली असतात, शुल्क किरकोळ असतं. खासगी हॉलमध्ये कोचचा तास वेगळा मिळतो. बाहेरचे बूट आत चालत नाहीत, हे अगदी कडक. दुपारच्या वेळी गृहिणींचे गट खेळतात. लाँग पिंपल (लांब दाण्यांचं रबर) लावलेली साठीची आजी समोर आली तर हलक्यात घेऊ नका. तुमचाच स्पिन उलटा होऊन परत येतो आणि तीन गेममध्ये पाहुणचार संपतो. एप्रिलअखेर ते ५ मे हा त्यांचा गोल्डन वीक. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीवाल्यांची नेमकी त्याच्याशी गाठ पडते आणि हॉटेलं दुप्पट भावाने मिळतात.

३. कोचला पहिला मेल: स्तर खरा लिहा

या पायरीवर घाई करणाऱ्यांचं शिबिर वाया जातं. 'इंटरमिजिएट' या शब्दाला काही अर्थ नाही. मुंबईत क्लबाच्या हँडिकॅपमध्ये जिंकणारा माणूस जर्मनीत खालच्या गटात बसू शकतो, आणि उलटंही होतं. जर्मन कोच पहिला प्रश्न विचारेल तो टीटीआर गुणांचा, म्हणजे त्यांच्या रेटिंगचा. आपल्याकडे तसं रेटिंग नाही, म्हणून ते शब्दांत मांडावं लागतं. मेलमध्ये एवढं हवं:

- वय, उजवा की डावा हात, पकड शेकहँड की पेनहोल्ड
- आठवड्याला किती तास आणि किती वर्षं खेळता. त्यातले किती तास कोचकडे
- ब्लेड (बॅटचं लाकूड) आणि दोन्ही बाजूंची रबरं, स्पंजच्या जाडीसह. पिंपल्स किंवा अँटी (स्पिन न पकडणारं गुळगुळीत रबर) असेल तर ठळक लिहा, कारण जोडीदार त्यावर ठरतो
- मोजता येईल असा स्तर: "टॉपस्पिनवर सलग पंधरा ब्लॉक होतात, कटवर फोरहँड टॉपस्पिन दहापैकी सहा टेबलावर पडतात, बॅकहँड फ्लिक येत नाही"
- जुनी दुखापत
- तीन मिनिटांचा व्हिडिओ

व्हिडिओ कापाकापी न केलेला असावा. मोबाइल टेबलाच्या मागे थोडा बाजूला, छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे पाय दिसतात. कोच हाताआधी पाय बघतो. पहिलं मिनिट साधी फोरहँड-बॅकहँड रॅली, दुसरं कटवरचा टॉपस्पिन, तिसरं खऱ्या सामन्यातले सलग आठ-दहा पॉइंट, चुकांसकट. फक्त जिंकलेले पॉइंट जोडून पाठवले तर वरच्या गटात टाकतात आणि पाच दिवस बॉल वेचत बसावं लागतं.

त्याच मेलमध्ये विचारून घ्या: एका कोचमागे किती खेळाडू? रोज मल्टीबॉल माणशी किती मिनिटं? स्पॅरिंग जोडीदार शुल्कात आहे की वेगळा? बॉल कुठल्या ब्रँडचा? जमीन लाकडी की सिंथेटिक? शाकाहारी जेवण म्हणजे नेमकं काय देतात? रद्द केल्यास किती टक्के परत, आणि व्हिसा नाकारला तर? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. नकाराचं पत्र दाखवल्यावर पैसे परत देऊ, असं बरेच आयोजक लिहून देतात, पण विचारल्यावरच.

माणशी मल्टीबॉलची मिनिटं हा आकडा जाहिरातीतल्या 'रोज पाच तास'पेक्षा महत्त्वाचा. बारा जणांमागे एक कोच असेल तर पाच तासांत तुमच्या वाट्याला फार तर पंचवीस मिनिटं येतात. उरलेला वेळ तुमच्यासारख्याच दुसऱ्या हौशी खेळाडूशी रॅली. ती माटुंग्यात किंवा खारमध्येही होते.

४. पासपोर्ट आणि नावाची भानगड

पासपोर्टवर परतीनंतर किमान सहा महिने शिल्लक ठेवा. शेंगेनचा (जर्मनीसह युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा) नियम परतीनंतर तीन महिने, पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन कोरी पानं असा आहे. पण सहा महिने धरले की कुठेच अडत नाही. नूतनीकरणासाठी लोअर परळ, अंधेरी, मालाड, ठाणे यांपैकी ज्या सेवा केंद्रात लवकर तारीख मिळेल ती घ्या.

मराठी माणसाची खास अडचण म्हणजे मधलं नाव. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. तिकीट, विमा, शिबिराचं निमंत्रण, स्पर्धेचा अर्ज, सगळीकडे तेच आणि तसंच लिहा. आयोजकाने सवयीने फक्त पहिलं नाव आणि आडनाव घालून निमंत्रण पाठवलं तर बदलून मागा. लग्नानंतर पासपोर्टवर नवीन आडनाव आणि आयटी रिटर्नवर जुनं असं असेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रत फाइलला जोडा.

५. व्हिसा

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तरी पोचायला हवा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. शुल्क ९० युरो, अधिक व्हीएफएसचं, म्हणजे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचं, सेवाशुल्क. एप्रिल-मेमध्ये मुंबईतल्या अपॉइंटमेंट सुट्टीवाल्यांमुळे भरतात, म्हणून जूनचं शिबिर असेल तर मार्चमध्येच स्लॉट घ्या.

अर्जात प्रवासाचं कारण विचारतात आणि त्यात 'क्रीडा' असा पर्याय असतो. शिबिराचं किंवा स्पर्धेचं निमंत्रण जोडणार असाल तर तोच निवडा. 'पर्यटन' लिहून फाइलमध्ये दहा दिवसांच्या शिबिराची पावती लावली की कागद एकमेकांशी भांडतात. नकाराचं सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण तेच.

फाइलमध्ये हे हवं:

- पासपोर्ट, जुने पासपोर्ट, दोन फोटो (३५ × ४५ मिमी, पांढरी पार्श्वभूमी, मॅट)
- निमंत्रण पत्र: तारखा, पत्ता, रोजचे तास, राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा, आणि तुम्हाला कोणताही मोबदला मिळणार नाही हे वाक्य
- शुल्क भरल्याची पावती
- एका पानाचं कव्हर लेटर
- विमान आणि हॉटेलचं आरक्षण. पैसे भरलेलं तिकीट नको, रद्द करता येणारं आरक्षण चालतं
- बँक स्टेटमेंट तीन ते सहा महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्यासह
- आयटी रिटर्न दोन-तीन वर्षांचे, पगारपत्रकं तीन महिन्यांची
- कंपनीचं रजा मंजुरीचं आणि एनओसीचं पत्र. व्यवसाय असेल तर जीएसटी नोंदणी किंवा गुमास्ता
- किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, सगळ्या शेंगेन देशांत लागू

कव्हर लेटरमध्ये खेळाची आवड रंगवू नका. कोण, कुठे, किती दिवस, खर्च कोणाचा, परत का येणार, एवढंच. अर्जाच्या आठवडाभर आधी कुणाकडून उसने घेऊन खात्यात टाकलेले दोन लाख स्टेटमेंटवर लगेच दिसतात आणि शंका वाढवतात.

चीनला पर्यटनाचा एल, देवाणघेवाणीचा एफ आणि १८० दिवसांपर्यंतच्या अभ्यासाचा एक्स-२ असे प्रकार आहेत. आधीच्या परदेशी खेळाडूंनी कोणत्या प्रकारावर प्रवेश घेतला ते ॲकॅडमीलाच विचारा आणि निमंत्रण त्याप्रमाणे मागा. फोटोचा आकार वेगळा, ३३ × ४८ मिमी. फोटो स्टुडिओत नुसतं 'पासपोर्ट साइज' म्हणालात तर चुकीचा मिळेल. तिथे हॉटेलऐवजी ॲकॅडमीच्या खोलीत राहणार असाल तर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल ते आपोआप करतं, ॲकॅडमीला आठवण द्यावी लागते.

जपानचा अल्प मुदतीचा पर्यटन व्हिसा आता भारतातून ई-व्हिसा म्हणून मिळतो.

सगळीकडे लागू असलेला एक नियम: पैसे घ्यायचे नाहीत. "मुलांना थोडं खेळवा, जेवणाचं आम्ही बघतो" इथपर्यंत ठीक असेलही, पण स्पॅरिंगचे रोख पैसे घेतले की ते काम होतं आणि तुमचा व्हिसा कामाचा नसतो.

६. पैसे पाठवणं

शिबिराची आगाऊ रक्कम बँकेतून परदेशी खात्यात पाठवावी लागते. पॅन, निमंत्रण आणि बिलाची प्रत लागते. फॉर्मवर परदेशी बँकांचे चार्जेस कोण सोसणार असं विचारलेलं असतं. तिथे पाठवणाऱ्याने, म्हणजे तुम्ही, असं निवडा. दोघांत वाटून घेण्याचा पर्याय निवडला तर मधली बँक काही युरो कापते, आयोजकाकडे रक्कम कमी पोचते आणि नोंदणी अडकून पडते.

परकीय चलनी नोटा एका फेरीत ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात; तेवढ्याची गरज नसते. खर्चाचा मोठा भाग फॉरेक्स कार्डवर, तीन-चार दिवसांचा रोख. जर्मनीच्या क्लबात पाण्याची बाटली आणि बॉलचे पैसे अजूनही रोख मागतात. कार्ड मशीनने "रुपयांत भरायचे का?" विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनातच भरा, रुपयांचा दर नेहमी महाग असतो. ट्रॅव्हल कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. तो रिटर्न भरताना जमेस धरायला विसरू नका.

विमा घेताना पॉलिसीतला खेळाचा परिच्छेद शोधून वाचा. व्यावसायिक खेळ सगळेच वगळतात. काही पॉलिसी कोणतीही 'स्पर्धा' वगळतात. स्पर्धेला जात असाल तर हौशी स्पर्धेतली दुखापत धरली आहे का, हे लेखी विचारा.

७. शरीर तयार करा, किमान सहा आठवडे

आठवड्यातून तीन संध्याकाळी दीड-दीड तास, तोही निम्मा बाकावर बसून, हे आपलं नेहमीचं प्रमाण. शिबिरात रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं होतात आणि मल्टीबॉलमध्ये थांबायला वाव नसतो. तिसऱ्या दिवशी खांदा, कंबर, नाहीतर गुडघा बोलतो. शेवटच्या चार आठवड्यांत शनिवारी सकाळ-संध्याकाळ आणि रविवारी सकाळ असं लागोपाठ खेळा. हे तीन सत्रांचं ओझं झेपलं तर शिबिर झेपतं.

रोज दहा मिनिटं: रबर बँडने खांद्याच्या आतल्या स्नायूंचा व्यायाम, प्लँक, अर्ध्या बैठकीत डावी-उजवी चाल. बूट नवे घ्यायचे असतील तर आताच घ्या आणि महिनाभर वापरा. मुंबईतले बरेच हॉल लादीचे. तिथे पाय थोडा घसरतो आणि आपण त्या घसरण्याचा हिशोब धरून वळतो. लाकडी किंवा सिंथेटिक जमिनीवर गम सोल चिकटून बसतो. पाय थांबतो, गुडघा पुढे जातो. पहिल्या दिवशी घोटे मुरगळतात ते यामुळे.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात. जपानला सर्दीच्या काही गोळ्यांतला सुडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधातला कोडीन यांवर कडक नियम आहेत. घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा बॅगेत ओतू नका.

८. बॅग

- एकसारख्या दोन बॅट: तेच ब्लेड, तीच रबरं, तीच जाडी. दुसरी बॅट 'जुनी पडलेली' असेल तर तिचा उपयोग नाही
- रबरांचा एक जास्तीचा जोड, पाण्यावर आधारित ग्लू, स्पंज, कडेची टेप, लहान कात्री
- इनडोअर बूट वेगळ्या पिशवीत
- गडद टी-शर्ट सहा ते आठ. पांढरा मुख्य रंग नको. पांढऱ्या बॉलच्या सामन्यात तो चालत नाही
- दोन टॉवेल, कपाळपट्टी, फोड आल्यावर लावायची टेप
- त्या हॉलच्या ब्रँडचे तीन-स्टार बॉल, निदान एक पाकीट. मुंबईत शेवटचे दोन आठवडे त्यांनीच खेळा

बॅट हातातल्या बॅगेत ठेवा. सामान हरवलं तर कपडे मिळतात, सवयीची बॅट मिळत नाही. टीटीची बॅट सहसा अडवत नाहीत, तरी शेवटचा शब्द तपासणी करणाऱ्याचा. कात्री, ग्लू आणि १०० मिलीवरची क्लीनरची बाटली चेक-इनमध्ये. पॉवर बँक मात्र फक्त हातातल्या बॅगेत. रबराची उसळी वाढवणारं बूस्टरचं तेल घरीच ठेवा, स्पर्धेत ते नियमबाह्य आहे.

खाण्याचं: थेपले, खाकरा, मेतकूट, तयार उपमा-पोहे चालतात. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि तुपाची बरणी दोन्ही बाद. आणि कोचला भेट म्हणून हापूसची पेटी नेण्याचा मोह मे महिन्यात प्रत्येकाला होतो. ताज्या फळांना वनस्पती तपासणीचा दाखला लागतो, जर्मनीतही आणि जपानमध्येही. त्याऐवजी चहा न्या.

आता तिकीट काढा. व्हिसा हातात आल्यावर.

९. पहिले तीन दिवस

शिबिराच्या एक दिवस आधी पोचा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, चीन अडीच तास आणि जपान साडेतीन तास पुढे. शेंगेनच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या फेरीत रांगेला वेळ लागतो, तेव्हा पुढच्या विमानात किंवा ट्रेनमध्ये पुरेसं अंतर ठेवा.

पहिल्या सत्रात जवळपास प्रत्येक मुंबईकराचे फटके टेबलाबाहेर जातात. दोष तंत्राचा नसतो, हवेचा असतो. आपल्या दमट हॉलमध्ये, त्यातही पावसाळ्यात, रबरावर ओलीचा पापुद्रा बसतो, बॉल पकड न घेता घसरतो आणि नेटमध्ये पडतो. म्हणून आपण नकळत बॅट थोडी उघडी धरून बॉल उचलायला शिकतो. हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या हॉलमध्ये तेच रबर घट्ट पकडतं, आणि उचललेला बॉल टेबल ओलांडून जातो. अर्धा तास फक्त ब्लॉक आणि साधी रॅली करा, बॅटचा कोन थोडा बंद करा, जोर तेवढाच ठेवा. पहिल्याच दिवशी "रबर बदलू का?" असं कोचला विचारू नका.

रबर बदलण्याचा मोह चीनमध्ये जास्त होतो. कोच हरिकेन हे चिकट चिनी रबर लावलेली बॅट हातात देतो, दोन बॉल सुंदर बसतात आणि आपण लगेच नवीन सेटअप विकत घेतो. त्या रबराला पूर्ण हात फिरवावा लागतो. पायांची सवय नसेल तर खांदा भरतो. घ्यायचंच असेल तर शेवटच्या दिवशी घ्या, प्रयोग मुंबईत करा.

हॉलमधली रीत साधी: आल्यावर सगळ्यांना अभिवादन, जर्मनीत हस्तांदोलन, टेबलं लावायला आणि उचलायला हात, शेजारच्या टेबलावरचा बॉल रॅली संपल्यावरच द्यायचा. बॉल सर्वांनी मिळून वेचायचे असतात. आपल्याकडे ते काम मार्कर किंवा लहान मुलं करतात, तिथे जो उभा राहतो तो नजरेत भरतो.

रोज रात्री पाच ओळी लिहा: कोणता सराव, कोचने नेमकं काय सांगितलं. व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी विचारून. लहान मुलं हॉलमध्ये असतील तर जर्मनीत याबाबत फार काटेकोर असतात.

१०. स्पर्धा खेळणार असाल तर

मास्टर्सची नोंदणी स्वतः, स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर करायची. वयोगट चाळिशीपासून सुरू होतात. आधी गट साखळी, मग गटातले वरचे मुख्य ड्रॉमध्ये आणि उरलेले सांत्वन ड्रॉमध्ये जातात, त्यामुळे पहिल्याच दिवशी घरी बसण्याची भीती नाही. डब्ल्यूटीटीच्या, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या मालिकेतल्या, स्पर्धा वेगळ्या: तिथे प्रवेश राष्ट्रीय महासंघामार्फतच होतो. पैसे घेऊन तिथे 'एंट्री करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर तिथेच थांबा. जपानमधल्या अधिकृत स्पर्धांना त्यांच्या संघटनेची नोंदणी आणि पाठीवर नावाची पट्टी लागते. सुट्टीवर गेलेल्याने हॉलने भरवलेल्या खुल्या स्पर्धा शोधाव्यात.

बॅट नियमात आहे का ते घरीच बघा. एक बाजू काळी. दुसरी २०२१ च्या ऑक्टोबरपासून लाल, गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळी चालते. रबर आयटीटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाच्या) मान्य यादीतलं हवं, त्यावरचा ब्रँड आणि चिन्ह मुठीजवळ दिसलं पाहिजे, आणि ग्लूसकट जाडी ४ मिमीच्या आत. कडेला फाटलेलं रबर पंच परत पाठवू शकतो.

सर्व्हिसचं मात्र कडक परीक्षण करून घ्या. जिमखान्यात मुठीतून किंवा हाताखालून निघालेली सर्व्हिस कुणी धरत नाही. तिथे तळहात उघडा, बॉल किमान १६ सेंमी सरळ वर, आणि शरीराच्या किंवा हाताच्या आड न जाता समोरच्याला दिसला पाहिजे. मित्राला मोबाइल घेऊन पंचाच्या जागी उभं करा आणि वीस सर्व्हिस रेकॉर्ड करा. किती कायदेशीर आहेत ते मोजा. टॉवेलला दर सहा पॉइंटनंतरच जाता येतं. बऱ्याच खुल्या स्पर्धांत हरलेल्याला पुढच्या सामन्याचं पंचपद करावं लागतं. स्कोअर इंग्रजीत मोठ्याने म्हणायची सवय ठेवा, आणि हरल्या हरल्या हॉटेल गाठू नका.

११. परतताना

क्लबातल्या मित्रांनी दिलेली रबरांची यादी बॅगेत घेण्याआधी कस्टमची करमुक्त मर्यादा बघा. वीस सीलबंद रबरं म्हणजे वैयक्तिक वापर, हे समजावणं अवघड जातं. बिलं जवळ ठेवा. बोर्डिंग पास, निमंत्रण आणि शिबिर पूर्ण केल्याचं पत्र जपून ठेवा. शेंगेनचे व्हिसा नीट वापरून वेळेत परत आल्याची नोंद पुढच्या वेळी जास्त मुदतीचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळायला उपयोगी पडते.

मुंबईत उतरल्यावर दोन-तीन दिवस सगळे बॉल नेटमध्ये जातील. बॅटचा कोन परत उघडा, रबर प्रत्येक गेमनंतर पुसा, आणि वहीतले दोनच सराव निवडून मंगळवारी हॉल रिकामा असतो त्या वेळी जोडीदाराला बोलवा.